शिदोरी आणि विमानतळावरचे सँडविच

खजुरी, आळंद, बसवकल्याण या पट्ट्यातील आम्हा जुन्या मराठी घराण्यांचा विमानाशी संबंध तसा अलीकडचा. लेकरे शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर गेली आणि त्यांच्या मागोमाग आम्हालाही विमानतळ पाहावे लागले. २००८ साली हैदराबादजवळ शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये कलबुर्गीस आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बिदरला प्रवासी विमाने उतरू लागली. तेथील सेवा मधूनमधून खंडित होत राहिली हे खरे. परंतु ज्वारीच्या रानावरून विमान उडताना आम्ही पाहिले, हेही तितकेच खरे.

अशाच एका प्रवासात, एका मोठ्या विमानतळावर, पावाच्या दोन त्रिकोणी तुकड्यांसाठी साडेतीनशे रुपये मोजण्याचा प्रसंग आमच्यावर आला. पाव गारठून ताठ झालेला, काकडीचे पाणी त्यात मुरलेले, चटणीचा केवळ रंग उरलेला. शेजारी बसलेल्या आमच्याच घरातील वडीलधाऱ्या बाईंनी काही न बोलता पिशवीतून दशमी काढली व सर्वांना वाटली. त्या दिवशी मनात आलेल्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे. आपण किंमत मोजली ती नेमकी कशाची?

आपल्याकडे प्रवासाचे अन्न म्हणजे शिदोरी. तिच्यातील प्रत्येक पदार्थ वाटेचा विचार करून घडलेला असे. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी अधिक टिकते व मऊही राहते. या भागातील कडक भाकरीत ओलावाच उरत नसल्याने ती अनेक दिवस बिघडत नाही. शेंगांची चटणी, धपाटे, गूळ यांचीही तीच रीत. पंढरीच्या वाटेवर या शिदोऱ्या एकत्र सोडल्या जात, आणि गोपाळकाल्यात तर कोणाची भाकरी कोणाच्या मुखी गेली याचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

सँडविचची जन्मकथा याच्या अगदी उलट आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सँडविचच्या अर्लने जुगाराचे टेबल सोडावे लागू नये म्हणून पावाच्या दोन तुकड्यांत मांस मागविले, असे सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, पदार्थ जन्मला तो जागचे न हलणाऱ्या माणसासाठी. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. पुढे मुंबईच्या पदपथावर बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो आणि हिरवी चटणी यांनी सँडविचला अस्सल देशी रूप दिले. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरी स्थापन केल्यानंतर कापलेला पाव अनेक शहरांत घरोघरी पोहोचला. मुंबईचे ते सँडविच उत्तमच लागते. कारण ते आपल्या डोळ्यांदेखत घडते आणि लगेच खाल्ले जाते. विमानतळावरचे सँडविच बहुधा काही तास आधी बनवून शीतकपाटात ठेवलेले असते. भाजी व लोणी नासू नये म्हणून थंडावा हवा. आणि पाव तर थंडाव्यातच अधिक लवकर शिळा होतो. म्हणजे दोष करणाऱ्याच्या हाताइतकाच त्या व्यवस्थेचाही आहे.

आता किमतीकडे वळू. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, १८७४ साली वाडीहून निजामाच्या रेल्वेने हैदराबादची वाट धरली आणि आपल्या मुलखाला फलाटावरच्या विकत अन्नाची ओळख झाली. त्या फलाटांवर हिंदू पाणी, मुसलमान पाणी असे भेद होते. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. रेल्वेच्या अन्नाविषयी तक्रारीही पुष्कळ झाल्या. तरी एक रीत पुढे रुजली. नेहमीच्या खाद्यपदार्थांचे दर रेल्वेने ठरवायचे आणि ते प्रवाशाला दिसतील असे लावायचे. २०२३ मध्ये साध्या डब्यांतील प्रवाशांसाठी पुरी, बटाट्याची भाजी आणि लोणचे २० रुपयांत देण्याची योजना रेल्वेने आणली, ती याच परंपरेतली.

विमानतळाचा हिशेब निराळा. तेथे दुकानदार आपल्या विक्रीतील मोठा वाटा, अथवा ठरलेली किमान रक्कम, विमानतळाला देतो. माल आणि माणसे यांची सुरक्षा तपासणी, अपुरी जागा, रात्रंदिवस दुकान उघडे ठेवणे, हा खर्च वेगळाच. २०१६ च्या राष्ट्रीय विमान वाहतूक धोरणानुसार विमानतळाच्या अशा इतर उत्पन्नातील ३० टक्के भाग विमानसेवेचे आकार कमी ठेवण्यासाठी धरला जातो. तेव्हा सँडविच घेणारा दशमी खाणाऱ्याच्या प्रवासाला थोडा हातभारच लावतो! हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे; कारण तपासणी ओलांडून आत गेलेल्या प्रवाशाला दुसऱ्या बाजारात जाण्याची मुभाच नसते. विमान उशिरा सुटणार असेल तर भूक थांबत नाही. अडलेल्या माणसाकडून घेतलेल्या दराला बाजारभाव म्हणणे कठीण आहे.

कायद्याने थोडे केले आहे. १ जानेवारी २०१८ पासून एकाच वेष्टित वस्तूवर दोन निरनिराळ्या कमाल किमती छापण्यास मनाई झाली. ताज्या बनविलेल्या खाद्याला मात्र छापील किंमत नसते. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले. तेथे चहा व पाणी १० रुपयांना, समोसा २० रुपयांना ठेवला गेला. पुढच्या वर्षी चेन्नईसही असे दालन निघाले. मूळच्या त्या यादीत सँडविच नव्हते, याची आम्हाला मौज वाटली.

आपला हा मुलूख बसवेश्वरांच्या दासोहाचा आहे. बिदरच्या नानक झिऱ्यावर आजही लंगर चालतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाचे धान्यकोठार भुकेल्यांना खुले केले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरला येऊन त्याची रक्कम भरली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या कथेत धान्य फुकटचे नव्हते. त्याचे मोल कोणीतरी चुकते केलेच. मात्र ते भुकेल्याच्या अडचणीवरून ठरविले गेले नाही. विमानतळाकडून दासोहाची अपेक्षा आम्ही करीत नाही. परवडणारे पाणी, चहा आणि पोटाला आधार देणारा एखादा ताजा पदार्थ प्रत्येक विमानतळावर असावा, एवढेच आमचे मागणे आहे. लोणचे व तूप यांवर तपासणीत बंधने येतात. कोरडी दशमी सहसा कोणी अडवीत नाही. ते मागणे पुरे होईपर्यंत, लेकरांना निरोप देताना ती करण्याची रीत आपल्या घरांतून सुटू देऊ नये.