खान्देशातील दिव्यांगांचा प्रवास : सवलती, सोयी आणि सुटलेले दुवे

जळगाव आणि धुळे या खान्देशातील दोन जिल्हा मुख्यालयांमधील अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. एरंडोल, पारोळामार्गे राष्ट्रीय महामार्गाने जाणाऱ्या धडधाकट प्रवाशाला ते फारसे जाणवत नाही. लोहमार्गाने मात्र ही दोन शहरे थेट जोडलेली नाहीत. जळगावहून चाळीसगावला यावे, तेथे फलाट बदलावा आणि १९०० साली सुरू झालेल्या चाळीसगाव-धुळे या ५६ किलोमीटरच्या शाखेवरील गाडी धरावी, असा तो मार्ग आहे. व्हीलचेअरवरील प्रवाशाच्या दृष्टीने चाळीसगावचा हा फलाटबदल हाच या प्रवासातील सर्वांत लांबचा पल्ला ठरू शकतो.

दिव्यांगांच्या प्रवासाचा विचार करताना आपल्याकडे प्रथम तिकिटातील सवलत आठवते. ती महत्त्वाची आहेच. तथापि प्रवास म्हणजे केवळ तिकीट नव्हे. घर ते रिक्षा, रिक्षा ते स्थानक, फलाट ते डबा, डबा ते बसस्थानक अशा अनेक दुव्यांची ती साखळी असते आणि त्यातील एक दुवा तुटला तरी संपूर्ण प्रवास थांबतो. उपचारासाठी मुंबई-नाशिकला जाणारे रुग्ण, धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येणारे ग्रामीण दिव्यांग, जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येणारे विद्यार्थी, या सर्वांना ही साखळी रोज तपासून घ्यावी लागते.

कायदा काय सांगतो?

अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिल्यानंतर जुन्या कायद्याची जागा ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ने घेतली. दिव्यांगत्वाच्या ७ प्रकारांऐवजी २१ प्रकार मान्य झाले. बसस्थानके, रेल्वे स्थानके, विमानतळ, वाहने आणि तिकीट खिडक्या दिव्यांगांना वापरता येतील अशा असाव्यात, असे या कायद्याचे कलम ४१ सांगते. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले; म्हणजेच ही मुदत २०२२ मध्येच संपली आहे. सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्यामुळे उतरण किंवा उद्वाहक मागणे ही विनवणी राहिलेली नाही. तो हक्क आहे.

पहिले पाऊल : ओळखपत्र

कोणत्याही सवलतीचा आरंभ प्रमाणपत्रापासून होतो. केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज केल्यानंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच ‘यूडीआयडी’ कार्ड मिळते. त्यावरील पट्टीचा रंग दिव्यांगत्वाचे प्रमाण दर्शवितो. ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० टक्क्यांदरम्यान पिवळा आणि ८० टक्के वा अधिक असल्यास निळा. बहुतेक शासकीय सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एसटीसाठी हे ओळखपत्र चालते. रेल्वेच्या सवलतीचे निकष मात्र वेगळे असून ऑनलाइन सवलत तिकिटासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र लागते. त्यासाठी शासकीय डॉक्टरांनी रेल्वेच्या विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र जोडून रेल्वेच्या दिव्यांगजन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. दोन्ही कागदपत्रे एकाच वेळी करून घेतल्यास रुग्णालयातील दुसरी खेप वाचते.

एसटी : सवलत मोठी, पायरी उंच

खान्देशातील खेड्यापाड्यांना शहराशी जोडणारे मुख्य साधन एसटी हेच आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशास साध्या व निमआराम बसमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असल्यास सोबतच्या मदतनीसालाही ५० टक्के सवलत आहे. ‘शिवशाही’ बसमध्ये हे प्रमाण अनुक्रमे ७० आणि ४५ टक्के आहे. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांना, तसेच हिमोफिलिया व डायलिसिसच्या रुग्णांना साध्या बसमधून मोफत प्रवासाची तरतूद आहे.

वार्धक्यामुळे चालणे अवघड झालेल्यांकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र बहुधा नसते. त्यांना अन्य योजनांचा आधार आहे. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, तर ६५ ते ७५ वर्षे वयोगटास निम्मे भाडे पडते. महिलांना मार्च २०२३ पासून ५० टक्के सवलत आहे.

तथापि सवलत तिकिटाला मिळते, पायरीला नाही. शहरी वाहतुकीसाठीच्या खालच्या मजल्याच्या बसचा मजला जमिनीपासून सुमारे ४०० मिलिमीटर उंच असतो. एसटीच्या रूढ बांधणीच्या बसमध्ये अरुंद दारातून उंच पायऱ्या चढाव्या लागतात. व्हीलचेअरसह आत जाण्याची सोय त्यात नसते. प्रवाशाला उचलून घ्यावे लागते आणि खुर्ची घडी करून ठेवावी लागते. म्हणून अशा प्रवाशाने बस सुटण्याच्या मूळ स्थानकावर, सुटण्याच्या वेळेपूर्वी पोहोचावे. तेथे वाहकास पूर्वकल्पना देता येते आणि दारालगतचे राखीव आसन गर्दी होण्यापूर्वी मिळते. वाटेतील थांब्यावर हे बहुधा साधत नाही.

रेल्वेतील सवलत

रेल्वेने २० मार्च २०२० पासून बहुतेक सवलती स्थगित केल्या. ज्येष्ठ नागरिकांची सवलत त्यातच गेली. दिव्यांगांचे चार गट, ठरावीक आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती मात्र कायम राहिल्या. हे चार गट असे : मदतनीसाशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग व अर्धांगग्रस्त प्रवासी, पूर्णतः अंध प्रवासी, बौद्धिक दिव्यांगत्वामुळे एकट्याने प्रवास करू न शकणारे प्रवासी, आणि ज्यांना ऐकू व बोलता दोन्ही येत नाही असे प्रवासी.

पहिल्या तीन गटांना द्वितीय श्रेणी, शयनयान, तृतीय वातानुकूलित व वातानुकूलित चेअर कारमध्ये ७५ टक्के, तर प्रथम व द्वितीय वातानुकूलित श्रेणीत ५० टक्के सवलत मिळते. सोबतच्या एका मदतनीसालाही तेवढीच सवलत असते. राजधानी व शताब्दी गाड्यांच्या तृतीय वातानुकूलित व चेअर कार श्रेणीत हे प्रमाण २५ टक्के आहे. चौथ्या गटास द्वितीय श्रेणी व शयनयानात ५० टक्के सवलत आहे. सिकलसेलच्या रुग्णांना शयनयान आणि ठरावीक वातानुकूलित श्रेणींत ५० टक्के सवलत मिळते.

अनेकांची फसगत होते ती येथेच. पायाला ४५ टक्के दिव्यांगत्व असलेला, पण काठीच्या आधाराने एकटा फिरू शकणारा प्रवासी एसटीच्या सवलतीस पात्र ठरतो, रेल्वेच्या नाही. कायद्याने २१ प्रकार मान्य केले असले तरी रेल्वेची दिव्यांग सवलत या चार गटांभोवतीच फिरते.

डबा, फलाट आणि थांबा

मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या शयनयान श्रेणीत दिव्यांगांसाठी चार शायिका राखीव असतात व त्यांपैकी दोन खालच्या असतात. अनेक गाड्यांना गार्डच्या डब्याला लागून दिव्यांगांसाठी स्वतंत्र कक्ष असतो. त्याचे दार व स्वच्छतागृह रुंद असते आणि आत आधाराच्या दांड्या असतात. हा कक्ष अनारक्षित असला तरी तिकीट आवश्यक आहे. इतर प्रवाशांनी तो अडविल्यास ‘१३९’ या क्रमांकावर किंवा रेल मदत सेवेकडे तक्रार करता येते. वंदे भारत गाड्यांच्या दोन्ही टोकांच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी जागा असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या अजनी-पुणे वंदे भारतला भुसावळ व जळगाव येथे थांबे आहेत.

दिव्यांग कक्ष गाडीच्या टोकाला असल्याने फलाटावर बरेच अंतर कापावे लागते, आणि बहुतेक मधल्या स्थानकांवर थांबा दोन-तीन मिनिटांचाच असतो. जळगावपासून २४ किलोमीटरवरील भुसावळ येथे अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या तुलनेने अधिक वेळ थांबतात. व्हीलचेअरसह चढणाऱ्या प्रवाशाला रस्त्याने भुसावळ गाठणे काही वेळा अधिक सुरक्षित ठरते. स्थानकावरील व्हीलचेअर स्थानक अधीक्षकांच्या कार्यालयातून मिळते. ती ढकलण्यासाठी परवानाधारक हमाल घेतल्यास त्याचे शुल्क आधी विचारून घ्यावे. गाडी कोणत्या फलाटावर येणार आणि तेथे उतरण वा उद्वाहक आहे काय, याची चौकशी आदल्या दिवशीच करावी.

धुळेकरांच्या बाबतीत अलीकडे दोन गोष्टी घडल्या. २०२३ पासून धुळ्याहून मुंबईला थेट एक्सप्रेस गाडी सुरू झाली. त्यामुळे मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या प्रवाशाचा चाळीसगावचा फलाटबदल टळला. तिकिटातील सवलतीने जे साधत नव्हते, ते एका थेट गाडीने साधले. तसेच अमृत भारत योजनेखाली पुनर्विकसित झालेल्या धुळे व सावदा या स्थानकांचे उद्घाटन २२ मे २०२५ रोजी झाले. दिव्यांगांसाठीच्या सोयी हा या योजनेचाच एक भाग आहे.

दृष्टिहीनांना स्पष्ट उद्घोषणा हवी असते, तर कर्णबधिरांना त्याच उद्घोषणेचा उपयोग नसून फलकावर झळकणारी माहिती हवी असते. ऐनवेळी फलाट बदलल्याची सूचना केवळ ध्वनिक्षेपकावरून दिली गेली, तर कर्णबधिर प्रवाशाची गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. सुगमता म्हणजे केवळ उतरण नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

विमान आणि खासगी वाहन

जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले. ‘उडान’ योजनेतील पहिली सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. सेवा मधल्या काळात खंडित होत राहिल्याने वेळापत्रकाची खात्री करूनच बेत आखावा. धुळ्याजवळ गोंदूर येथे धावपट्टी आहे. परंतु नियमित प्रवासी सेवा नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून विमान कंपनीला प्रवास नाकारता येत नाही. रांची विमानतळावर मे २०२२ मध्ये एका दिव्यांग मुलाला विमानात प्रवेश नाकारला गेल्यानंतर त्याच वर्षी हा नियम अधिक कडक करण्यात आला. प्रवाशाची प्रकृती बिघडण्याची शंका असल्यास विमानतळावरील डॉक्टरांचे लेखी मत घेणे आता बंधनकारक आहे. मदतीची मागणी तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी नोंदवावी. छोट्या विमानात शिडीने चढावे लागते. त्यामुळे ‘व्हीलचेअर हवी’ एवढेच न सांगता ‘पायऱ्या चढता येत नाहीत’ हेही नोंदवावे.

स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांसाठी एक तरतूद फारशी माहीत नसते. दिव्यांगांच्या वापरासाठी खास बांधणी केलेल्या वाहनास राष्ट्रीय महामार्गावरील पथकरातून सूट आहे. तीसाठी सूट असलेला फास्टॅग आधी काढावा लागतो.

अजिंठ्याची वाट

खान्देशात उतरणाऱ्या पर्यटकांचे मुख्य आकर्षण म्हणजे जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवरील, १९८३ पासून जागतिक वारसा असलेली अजिंठा लेणी. खासगी वाहने फर्दापूर फाट्याजवळच थांबतात व पुढील सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते. लेण्यांकडे जाताना पायऱ्या आहेत आणि लेण्यांच्या रांगेतही चढउतार आहे. चालू न शकणाऱ्यांसाठी चार माणसांनी वाहून न्यावयाची डोली तेथे मिळते. डोलीचा दर आधी ठरवावा व उन्हाळ्यात सकाळची वेळ निवडावी. लेणी सोमवारी बंद असतात.

निघण्यापूर्वी

मूळ ओळखपत्र व त्याच्या दोन छायाप्रती, मदतनीसाचे ओळखपत्र, औषधांची चिठ्ठी आणि व्हीलचेअरवर नाव व भ्रमणध्वनी क्रमांक, एवढे तरी जवळ असावे. बसस्थानक वा रेल्वे स्थानकात सोय नाकारली गेल्यास तेथील तक्रार पुस्तकात दिनांक व वेळेसह नोंद करावी. जळगाव, धुळे व चाळीसगाव ही स्थानके मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात, तर अमळनेर व धरणगाव पश्चिम रेल्वेत. तक्रार योग्य विभागाकडे गेल्यास महिन्यांची टोलवाटोलवी वाचते. तेथे दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे किंवा रेल्वेबाबत केंद्राच्या मुख्य आयुक्तांकडे अर्ज करता येतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. त्यांच्यापैकी कितीजण उंच पायरीमुळे घरीच राहिले, याची नोंद कोणत्याही तिकीट खिडकीवर होत नाही. लेखी तक्रारीचे महत्त्व येथेच आहे. जो प्रवास होऊ शकला नाही, त्याचा शासनदरबारी राहणारा तोच एक पुरावा.