आधी सर्कस, मग दवाखाना

१९७३ साली संसदेने मातृत्व लाभ कायद्यात एक दुरुस्ती मंजूर केली आणि झुल्यावर कसरती करणाऱ्या, घोड्यावर उभ्या राहणाऱ्या सर्कशीतल्या बायकांनाही बाळंतपणाची भरपगारी रजा देऊ केली. मूळ कायदा १९६१ चा. त्यात कारखाने होते, खाणी होत्या, चहा-कॉफीचे मळे होते. त्यांच्या जोडीला सर्कस आली, हे चांगलेच झाले. पण या यादीत एक जागा तेव्हाही नव्हती आणि ती नेमकी बाळंतपणे होण्याची जागा होती. खासगी दवाखाना, प्रसूतिगृह, नर्सिंग होम यांचा उल्लेख कायद्याच्या मजकुरात नव्हता. दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना हा कायदा लागू झाला तो १९८८ च्या दुरुस्तीनंतर. खासगी दवाखान्यातली नर्स आणि आयाबाई कायद्याच्या कक्षेत येण्याची वाट तेव्हा कुठे मोकळी झाली. सरकारी इस्पितळातल्या सिस्टरांना सेवानियमांचा आधार होता. बाकीच्यांना मालक डॉक्टरच्या मर्जीचा.

हा उलटा क्रम कसा पडला, याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुण्यातल्या ससून रुग्णालयात आणि परळच्या गिरण्यांत.

रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले. बायकांनी शिकावे, हाताला काम मिळवावे, हा हेतू. त्यातलेच एक काम परिचारिकेचे. पण चांगल्या घरची मुलगी परक्या पुरुषाच्या जखमा धुणार, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावणार आणि रात्री घराबाहेर राहणार, ही कल्पना त्या काळच्या सदाशिव पेठेला पचणे अवघड होते. मग या कामाला कोण येणार? ज्यांना घराने आधीच बाजूला सारले होते त्या. सेवासदनाने ससूनमध्ये शिकायला पाठवलेल्या मुलींत तरुण विधवांचा भरणा होता. विधवेच्या आयुष्याला यातून अर्थ आणि चार पैसे मिळाले, यात शंका नाही. रमाबाईंनी समाजाचा रोष अंगावर घेऊन हे काम उभे केले. मात्र त्याच वेळी दवाखान्यालाही एक सवय लागली: वॉर्डात काम करणारी बाई म्हणजे जिच्या घरी कोणी वाट पाहत नाही अशी बाई. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत मिशनच्या सिस्टर होत्या, त्यांचा तर संसाराशी संबंधच नव्हता. वसतिगृहात राहायचे, मेट्रनच्या शिस्तीत वागायचे, दिवसपाळी आणि रातपाळी आलटूनपालटून करायची, अशी ही चाकोरी अविवाहित बाईच्या मापाने बेतली गेली. त्यात पाळण्याला जागाच नव्हती.

डॉक्टर बायकांचे चित्र फार वेगळे नव्हते. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन परतलेल्या रखमाबाईंनी मुंबईच्या कामा रुग्णालयात, मग सुरत आणि राजकोटला दीर्घकाळ काम केले. बालपणी लादलेले लग्न नाकारून त्यांनी कोर्टाची लढाई दिली होती, आणि त्यानंतर पुन्हा लग्न केले नाही. शेकडो बाळंतपणे करणाऱ्या त्या पिढीतल्या अनेकींचा स्वतःचा संसार एकतर मोडलेला होता, नाहीतर मांडलेलाच नव्हता. कर्तबगारी म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. आस्थापनेच्या दृष्टीने पाहिले तर ती मोठी सोयही होती.

गिरणीची गोष्ट वेगळी. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांतल्या बायका लग्न झालेल्या, पोरेबाळे असलेल्या. नवराबायको दोघे राबल्याशिवाय चाळीतल्या खोलीचे भाडे निघत नव्हते. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. मुंबई सरकारने या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना नेमले. त्यांचा अहवाल १९२२ च्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. चाळीतली एकेक खोली, तिच्यात दाटीवाटीने राहणारी माणसे, दिवस भरेपर्यंत चाललेले काम, हे सगळे त्यात होते. त्यात सर्वांत जास्त गाजली ती अफू. आई पाळीवर गेल्यावर मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' दिली जाई. बार्न्सबाईंनी पाहिलेल्या गिरणी कामगारणींच्या जवळजवळ सगळ्याच बाळांना ती मिळत होती. गोळी देणारी आई निर्दय नव्हती. पाळीचा भोंगा वाजला की तिला निघावे लागे, एवढेच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ सालीच बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे रजेचा करार केला होता. भारताने तो स्वीकारला नाही. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाने, खाणी आणि मळ्यांतल्या बायकांसाठी विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मग लढाई मुंबई कौन्सिलात आली. तिथले सदस्य असवले यांनी विधेयक मांडले आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. त्यांचा मुद्दा स्वच्छ होता: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून या खर्चाचा बराचसा भार खरे तर सरकारने उचलायला हवा, पण सरकार तो उचलत नाही तोवर, बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाने तो सोसावा. शंभर वर्षे होत आली, तरी भारतातल्या मातृत्व रजेची चर्चा याच वाक्याभोवती फिरते. खर्च कोणाचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी नीट मांडला होता; उत्तर मात्र आपण अर्धेच घेतले आणि ओझे मालकावर ठेवले.

१९२९ चा मुंबई मातृत्व लाभ कायदा देशातला असा पहिला. रोज आठ आणे, प्रसूतीआधी तीन आणि नंतर चार आठवडे. आठ आणे ही रक्कम आज हसू आणणारी वाटते, पण बाळंत बाईला घरी बसण्याचे पैसे मिळतात, ही गोष्टच तेव्हा नवी होती. त्याआधी तीनच वर्षे, १९२६ मध्ये, गिरणी कामगारणींना डोळ्यांसमोर ठेवून परळला वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले होते. आता तिथले दृश्य पाहा. खाटेवर झोपलेल्या वाइंडरणीला कायद्याने रजा आणि भत्ता आहे. तिच्या उशाशी उभ्या असलेल्या नर्सला, उद्या तिला दिवस गेले तर, या कायद्याने काहीच नाही. कायदा कारखान्याचा आहे आणि इस्पितळ हा कारखाना नव्हे.

कायद्याला एक कडू फळही आले. रजेचे पैसे मालकाच्या खिशातून जाणार म्हटल्यावर बाई कामगार महाग पडू लागली. बायकांच्या रातपाळीवरची बंदी, यंत्रांची फेररचना अशी इतर कारणेही होतीच. पण गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण पुढच्या दशकांत घटत गेले आणि १९७० च्या सुमारास ते नावापुरते उरले. दवाखान्यात असे घडू शकले नसते. तिथे बायकांवाचून वॉर्ड चालत नाही. आरोग्य व्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली हिशेब मांडला तेव्हा देशात ४३ हजार लोकसंख्येमागे एक नर्स होती. इतकी टंचाई असेल तर बाईला टिकवून धरण्यासाठी आस्थापना धडपडेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात टंचाईचा अर्थ उलटा लावला गेला: माणसे कमी आहेत, म्हणून रजा मिळणार नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ मध्ये ही अट तिसावर आली. तीन पाळ्यांत बायका राबणाऱ्या इस्पितळाला अशी सक्ती नव्हती. खासगी असो वा सरकारी, रात्रीच्या ड्युटीला निघालेल्या सिस्टरचे मूल सासू सांभाळी, शेजारीण सांभाळी, किंवा दिवसभराच्या कामावरून आलेला नवरा सांभाळी. पाळीची जुळवाजुळव हा तिच्या संसाराचा कणाच. महिन्याच्या ड्युटीच्या तक्त्यात आपली नाइट आणि नवऱ्याची सेकंड शिफ्ट एकाच आठवड्यात येऊ नये म्हणून इन्चार्ज सिस्टरची मनधरणी, 'तुझा ऑफ मला दे, माझा तू घे' हे व्यवहार, हे ज्या घरात नर्स आहे तिथे कोणालाही पाठ असते.

जुन्या विधवा-परिचारिकेची कल्पना किती चिवट निघाली, याचा पुरावा सैन्यात सापडतो. लष्करी परिचर्या सेवेतल्या कायम नेमणुकीच्या अटी १९७७ च्या एका आदेशात होत्या. नोकरी संपवण्याची कारणे त्यात दिली होती: वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवणे, गैरवर्तन, आणि लग्न. होय, याच ओळीत लग्न. एका लेफ्टनंट परिचारिकेने लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि १९८८ मध्ये तिला सेवेतून मोकळे करण्यात आले. नियम फक्त परिचारिकांना होता. तिच्या नवऱ्याला त्याच लग्नाबद्दल कोणी काही विचारले नाही. १९९५ मध्ये हा आदेश मागे घेण्यात आला, पण तिचा खटला चालूच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम मनमानी आणि पुरुषसत्ताक ठरवून तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम दिला. तोवर निवृत्तीचे वय जवळ यावे इतकी वर्षे गेली होती.

हा खटला चालू असतानाच कागदावरची रजा झपाट्याने वाढली. केंद्राने २००८ मध्ये आपल्या कर्मचारी बायकांची प्रसूती रजा १८० दिवसांवर नेली आणि मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवसांची वेगळी रजा दिली. महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये प्रसूती रजा ९० वरून १८० दिवस केली आणि २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली. पत्नी हयात नसलेल्या बापालाही ती लागू ठेवली, हे त्यातले शहाणपण. २०१७ च्या दुरुस्तीने खासगी क्षेत्रातली रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. यात इस्पितळे आली. कारखान्याला जे १९४८ मध्ये सांगितले ते इस्पितळाला सांगायला एकोणसत्तर वर्षे लागली. बापाच्या रजेबद्दल मात्र कायदा अजून गप्प आहे. केंद्राच्या नोकरांना १५ दिवस मिळतात, खासगी इस्पितळातल्या ब्रदरला मालक देईल तेवढे.

पण रजा मंजूर होणे आणि रजेवर जाता येणे यात फरक आहे. एक सिस्टर सहा महिने रजेवर गेली तर तिच्या वॉर्डात कोण? यासाठी रजा-राखीव पदे असतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत ती ३० टक्के धरली आहेत. मंजूर पदेच रिकामी असतील तर राखीव कुठून येणार? मग उरलेल्या सिस्टर डबल ड्युटी करतात आणि रजेवर गेलेल्या मैत्रिणीवर मनातून चिडतात. चिडायचे कोणावर, हे उमगायला वेळ लागतो.

दुसरी वाट कंत्राटाची. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात पॅथॉलॉजीच्या सीनियर रेसिडेंट डॉक्टरने १ जून २०१७ पासून प्रसूती रजा मागितली. तिचे कंत्राट ११ जूनला संपत होते. रुग्णालयाने हिशेब केला आणि अकरा दिवसांची रजा दिली. न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयाने रुग्णालयाची बाजू उचलून धरली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क एकदा लागू झाला की कंत्राट संपल्याने तो संपत नाही. त्याच्या वर्षभर आधी, चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या एका परिचारिकेचा खटला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे आला होता. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची दोन मुले ती सांभाळत होती आणि त्यांच्यासाठी बालसंगोपन रजा घेत होती. तिला स्वतःचे पहिले मूल झाले तेव्हा संस्थेने ते तिसरे धरले आणि प्रसूती रजा नाकारून तिच्या खात्यातली इतर रजा खर्ची घातली. पीठाने हे गणित नामंजूर केले. कुटुंबे एकाच साच्याची नसतात, हेही सांगितले.

नर्सचे काम आणि आईपण यांची ओढाताण दाखवणारा बेळगावचा एप्रिल २०२० मधला एक व्हिडिओ अनेकांना आठवत असेल. कोरोना वॉर्डातली नर्स घरी न जाता विलगीकरणात राहत होती. नवऱ्याने लहान मुलीला मोटारसायकलवरून तिच्याकडे आणले, आणि ती पोर लांबूनच आईकडे हात करून रडत होती. मुख्यमंत्र्यांनी त्या नर्सला फोन करून धीर दिला.

आता राहिली आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा गावातल्या बाईला आरोग्य यंत्रणेशी जोडणारी ही साखळी उभी राहिली. गरोदर बाईची नोंद करायची, तपासण्यांना न्यायचे, कळा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री गाडी मिळवून तिला दवाखान्यात पोचवायचे, बाळंतपणानंतर घरी भेटी द्यायच्या, ही तिची कामे. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२३ अखेरीपासून २०२४ च्या सुरुवातीपर्यंत मोठे संप केले आणि मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडले. मागणी मानधनवाढीची होती, पण मुळाशी प्रश्न दर्जाचा होता. सरकारी कागदात आशा कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, तर मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९६१ चा मातृत्व लाभ कायदा तिच्यात सामावला गेला. सव्वीस आठवडे कायम राहिले, पाळणाघरही राहिले. रजा मात्र आस्थापनेत पगारावर असलेल्या बाईला. आशाताई स्वतः बाळंत झाली की त्या महिन्यांत ज्या भेटी झाल्या नाहीत, त्यांचा मोबदला तिच्या खात्यात जमा होत नाही.