करडे कथिल

करडे कथिल (अल्फा-कथिल) : कथिलाचे १३.२° से. खाली स्थिर असणारे अपरूप. कल्हईचे चकचकीत पांढरे कथिल (बीटा) धातू आहे. करडे मात्र सिलिकॉन-जर्मेनियमच्या गोतावळ्यातले. त्यांच्याप्रमाणेच यातही प्रत्येक अणूला चार शेजारी असतात आणि रचना हिऱ्याची असते. ती विरळ असल्याने घनता ७.३ वरून ५.८ ग्रॅम प्रति घ. सेंमी.पर्यंत उतरते, आकारमान सुमारे २६ टक्क्यांनी फुगते आणि धातूचा भुगा होतो. याला ‘कथिलाचा रोग’ म्हणतात. नाव फसवे आहे, कारण यात ना गंज, ना कीड. नेपोलियनच्या सैनिकांच्या गुंड्या रशियातल्या थंडीत अशाच विरल्या, ही गोष्ट रंगतदार, पण पुराव्याला कच्ची.

मलकापूरला पौषातल्या पहाटे पारा १३ च्या खाली जातो, तरी फळीवरचे कल्हई केलेले पातेले शाबूत राहते. तापल्या भांड्यात नवसागर भुरभुरून कथिलाची कांडी टेकवली की ते २३२° से.ला वितळते, आणि कल्हईवाला कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवतो. या थराचे रूपांतर सुरू व्हायला करड्या रूपाचे बीज लागते. १३° च्या आसपास ते फार रेंगाळते, खरा वेग शून्याच्या बऱ्याच खाली येतो. शिसे, अँटिमनी, बिस्मथ यांची भेसळ ते आणखी रोखते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कथिल-१२४ च्या दुर्मिळ किरणोत्सारी ऱ्हासाच्या शोधासाठी अतिशीत कथिलाचा शोधक विकसित करताना हाच धोका ओळखून कथिल-बिस्मथ मिश्रधातू तपासले गेले.

दाबाने उलटी वाट चालते : सुमारे ११–१२ गिगापास्कलला सिलिकॉन हिऱ्याची रचना सोडून पांढऱ्या कथिलाची रचना घेते आणि धातू होते.

करड्या कथिलात संयुजा व संवहन पट्ट एकमेकांना टेकलेले असतात, म्हणजे ऊर्जांतर शून्य. जर्मेनियमचे ०.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, पण अप्रत्यक्ष, म्हणून ते प्रकाश देण्यात मंद. त्यात ८ टक्क्यांच्या आसपास कथिल मिसळले की अंतर घटते आणि प्रत्यक्ष होते. २०१५ साली जर्मनीत युलिख येथील गटाने अशा मिश्रणातून लेसर साधला, तोही ९० केल्विनपर्यंतच. अडचण विरघळण्याची आहे : समतोलात जर्मेनियम १ टक्क्याहून अधिक कथिल धरत नाही. म्हणून थर कमी तापमानाला वाढवावे लागतात. जास्त तापवले तर कथिल वेगळे होऊन पृष्ठावर पांढऱ्या धातूचे थेंब जमतात.