रंग कुणाचा, गर्न्सी कुणाची

झाडाला धडकू नका. इथे मैदानाच्या मधोमध झाडं आहेत आणि ती तोडायची कुणाला घाई नाही. साल 1860, मेलबर्नचा हिवाळा, जागा रिचमंड पॅडक. पलीकडे कुंपणाआड जे क्रिकेटचं मैदान दिसतंय ते एमसीजी. बॉक्सिंग डे कसोटीसाठी तुम्ही पहाटेचा गजर लावता, तेच. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात अंगं आखडू नयेत म्हणून क्रिकेटवाल्यांनी फुटबॉलचा क्लब काढावा. मे 1859 मध्ये चार-पाच जणांनी बसून दहा नियम लिहून काढले, आजच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे. त्या नियमांत कपड्यांबद्दल अवाक्षर नाही.

ते समोर दिसतंच आहे. ज्याच्या घरात जे होतं ते घालून तो आलाय. कोण कुठल्या बाजूचा हे टोपीच्या रंगावरून ओळखायचं. झोंबाझोंबीत टोपी चिखलात पडली, की तो गडी आपला की परका हे त्याच्या दोस्तांनाच ठाऊक. तुम्ही काठावर उभं राहून नुसतं हो ला हो करा.

वीसेक वर्षं पुढे सरका आणि जरा श्वास आत ओढून घ्या, कारण तुम्हाला कॅनव्हासचं बिनबाह्यांचं जाकीट चढवलंय आणि कुणीतरी पुढून त्याच्या नाड्या करकचून आवळतंय. आत लांब बाह्यांचा लोकरी सदरा, खाली गुडघ्याशी बांधलेली विजार. जाकीट इतकं घट्ट का, हे पहिल्याच धडकेत कळतं. मागून कुणीतरी तुमची पाठ पकडायला जातो आणि त्याची बोटं कापडावरून नुसती घसरतात. या खेळात कपडा शोभेचा झाला तो फार नंतर. आधी तो निसटण्यासाठी होता.

1912. आता तुम्ही प्रेक्षक आहात, हातात ‘फुटबॉल रेकॉर्ड’ नावाचं नवंकोरं चोपडं आहे. दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा जण मैदानात उतरतात आणि सगळे तुमच्याकडे पाठ करून उभे राहिले तरी चालणार आहे, कारण यंदापासून प्रत्येकाच्या पाठीवर आकडा सक्तीचा झालाय. हे लवकर सुचायला हवं होतं असं वाटेल, पण इंग्लंडच्या फुटबॉल लीगने आकडे सक्तीचे केले ते थेट 1939 मध्ये. मेलबर्नला घाई होती त्याचं कारण समोर पसरलंय. क्रिकेटचं अख्खं ओव्हल, त्यात छत्तीस माणसं, ऑफसाइड नाही, म्हणून कुणीही कुठेही. पलीकडच्या टोकाला उंच उडून झेल घेणारा तो कोण, हे त्याच्या चालीवरून ओळखणारी जुनी खोडं तुमच्या शेजारी बसलीत, पण तुमच्यासारख्या नवख्याला चोपड्यात आकडा शोधावा लागतो. दोन आठवड्यांत शेजारचे म्हातारेही चोरून चोपड्यात बघायला लागतात.

आकडा आला तो ओळख पटावी म्हणून, आणि हळूहळू वारशाने द्यायची वस्तू झाला. मेलबर्न क्लबचा रॉन बरासी 31 नंबर घालायचा. 1940 च्या विजेत्या संघात तो होता, पुढल्याच वर्षी तोब्रुकला युद्धात मारला गेला. 1953 मध्ये त्याचा मुलगा, त्याचंही नाव रॉन, त्याच क्लबकडून खेळायला उतरला. सुरुवातीला त्याच्या पाठीवर 2 होता, मग 31 आला. क्लबच्या खोलीत कपाटाच्या दारावर तो नंबर आधी कुणाकुणाचा होता त्यांची नावं लिहिलेली असतात. काही दारं उघडताना हात जरा जड होत असणार. (हाच मुलगा 1964 च्या अखेरीला कार्लटन क्लबकडे गेला तेव्हा अर्ध्या शहराने सुतक पाळलं, पण ते पुन्हा कधीतरी.)

मागे 1915 मध्ये मात्र थोडं थांबावं लागेल.

जंक्शन ओव्हलची खेळाडूंची खोली. दार उघडताच नाकात निलगिरीच्या तेलाचा भपकारा. झाड इथलंच, त्यामुळे तेलाची कमी नाही. मांड्या चोळून घेणाऱ्यांची रांग लागलीय. खुंटीवर गर्न्सी टांगल्यात. अंगाला घट्ट बसणारी विणलेली लोकर, तिला इथे गर्न्सी म्हणतात. एक काढून घाला. कोरडी असताना मान खाजवते, आणि पाऊस लागला की भिजलेल्या घोंगडीसारखी खांद्यावर बसते. वास तर विचारू नका. पण तुम्ही ज्यासाठी इथे आलात ते म्हणजे रंग. सेंट किल्डा क्लब 1873 चा, त्याचे रंग लाल, पांढरा आणि काळा. खुंटीवरच्या गर्न्सीवर पांढरा कुठे आहे? त्या जागी पिवळा आहे.

बाहेर युद्ध चालू आहे. एप्रिलमध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर इथली पोरं उतरली आणि तेव्हापासून पेपरात मृतांच्या याद्या येतायत. काळा, पांढरा आणि लाल हे जर्मन साम्राज्याच्या झेंड्याचे रंग. शनिवारी दुपारी हजारो लोकांसमोर त्या रंगात धावायचं कसं? म्हणून क्लबने पांढरा काढला आणि पिवळा घातला. लाल, पिवळा, काळा. म्हणजे बेल्जियमचे रंग, आपल्या बाजूच्या, जर्मनांनी तुडवलेल्या चिमुकल्या देशाचे. क्लबमधल्या कुणाचं बेल्जियमशी काही घेणंदेणं असेल असं वाटत नाही. पण ती गर्न्सी अंगावर असताना वाटायला लागतं की तीन पट्ट्यांतला एक बदलला एवढ्यावर आपण भलत्याच कुणाच्या तरी बाजूने उभे आहोत. पुढच्या वर्षी इथल्या लीगमध्ये फक्त चार क्लब उरतील आणि सेंट किल्डा त्यांत नसेल. परत आल्यावरही पिवळा राहतो, अगदी 1922 पर्यंत. युद्ध संपून चार वर्षं झाली तरी. बहुधा कुणी काढायचं मनावर घेतलं नाही.

मधली वर्षं झरझर पार करू. 1925 मध्ये लीग बारा क्लबांची होते. तपकिरी आणि सोनेरी रंगाच्या हॉथॉर्नवर उभे पट्टे येतात ते 1950 मध्ये. 1975 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही सुरू होतो आणि त्याच सुमारास मेलबर्नचा गडद निळा एकाएकी उजळतो, फिट्झरॉयवर सोनेरी येतो. जर्मन कैसरने जे करायला लावलं ते आता कॅमेरा करून घेतोय. लोकर हळूहळू मागे पडते आणि तिच्याबरोबर मानेची खाजही. तुम्हाला तिची आठवण येणार नाही.

17 एप्रिल 1993, व्हिक्टोरिया पार्क. हे कॉलिंगवूडचं घर. काळे-पांढरे उभे पट्टे, त्याच रंगांचे मफलर, त्याच रंगांच्या टोप्या, आणि गर्दी कुंपणाला इतकी चिकटून उभी, की खेळाडूंच्या कानात शिव्या थेट ओतता याव्यात. पाहुणे सेंट किल्डा. त्यांच्या छातीवर पुन्हा लाल, पांढरा आणि काळा. सेंट किल्डाचे दोन आदिवासी खेळाडू, निकी विन्मार आणि गिल्बर्ट मॅकॅडम, दिवसभर त्यांच्या कातडीवरून जे काही ऐकतायत ते इथे लिहिण्यासारखं नाही. उत्तर म्हणून मॅकॅडमने पाच गोल केलेत. विन्मारही तसाच खेळलाय. भोंगा वाजतो. सेंट किल्डा 22 गुणांनी जिंकलंय, आणि या मैदानावर त्यांना कित्येक वर्षांत असा दिवस दिसलेला नाही.

आता विन्मारकडे बघा. तो हात उंचावतो, कॉलिंगवूडच्या पाठीराख्यांकडे वळतो. मग एका हाताने गर्न्सी धरून वर उचलतो, पोट उघडं पडतं, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तो स्वतःच्या कातडीकडे दाखवतो. आपण काळे आहोत आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे, असं तो म्हणतो. जवळ उभ्या असलेल्या वेन लडबी आणि जॉन फेडर या दोन छायाचित्रकारांनी तो क्षण पकडला, आणि त्या फोटोंना ऑस्ट्रेलिया अजून विसरलेला नाही. पर्थच्या मोठ्या स्टेडियमबाहेर आता त्या पवित्र्यातला पुतळा उभा आहे.

सव्वाशे वर्षं लोक या कापडाकडे बघून माणूस आपला की परका हे ठरवत आले. विन्मारने ते उचलून बाजूला केलं. वांशिक शिवीगाळीविरुद्ध लीगचा नियम यायला तरी आणखी दोन वर्षं गेली, त्यासाठी 1995 मध्ये मायकल लाँग या आदिवासी खेळाडूला तक्रार लावून धरावी लागली. आज दर हंगामात काही सामने डग निकल्स यांच्या नावाने होतात आणि तेव्हा सगळे क्लब आदिवासी चित्रकारांनी रेखाटलेल्या गर्न्सी घालतात. फिट्झरॉयकडून खेळलेले आणि पुढे साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झालेले हेच निकल्स तरुणपणी कार्लटनमध्ये गेले होते, तेव्हा तिथल्या मालिशवाल्यांनी आदिवासी म्हणून त्यांच्या अंगाला हात लावायला नकार दिला होता. तेच निलगिरीचं तेल, तीच रांग. एक गंमतही सांगून ठेवतो. हॅरल्ड थॉमस यांनी 1971 मध्ये आदिवासींचा झेंडा रेखाटला तो काळा, पिवळा आणि लाल, म्हणजे सेंट किल्डाने 1915 मध्ये परक्या देशासाठी अंगावर चढवलेलेच तीन रंग. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, उगाच जोडू नका.

1997 मध्ये दोन गोष्टी घडतात. कार्लटन क्लब निळ्या चॉकलेटगोळ्यांच्या जाहिरातीसाठी एका सामन्यात आपली गडद निळी सोडून फिकट आकाशी गर्न्सी घालतो. हे तुम्ही बघायलाच हवं असं नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. अॅडलेडचा पोर्ट क्लब राष्ट्रीय लीगमध्ये येतो. तो 1902 पासून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत खेळतोय, कारण त्याआधीचा किरमिजी रंग टिकाऊ मिळत नव्हता. पट्टे तुरुंगाच्या गजांसारखे दिसतात म्हणून लोक त्यांना ‘प्रिझन बार्स’ म्हणतात. पण लीगमध्ये काळा-पांढरा कॉलिंगवूडचा, तेव्हा पोर्टने रंग बदलावेत असं ठरतं आणि त्यांच्यावर मोरपंखी हिरवट-निळा येतो. मे 2021 मध्ये ते शहरातल्या प्रतिस्पर्ध्यांना हरवतात. जुनी गर्न्सी मैदानात घातली तर गुण कापू, असं लीगने आधीच बजावलेलं. तुम्ही त्यांच्या मागोमाग खोलीत चला. दार लागताच सगळे नवी गर्न्सी काढून फेकतात, गजवाली चढवतात आणि क्लबचं गाणं घशाच्या शिरा ताणून म्हणतात. 24 वर्षांचा राग आहे तो.

आता कार्लटनच्या जुन्या प्रिन्सेस पार्कवर या. फेब्रुवारी 2017 मध्ये इथेच महिलांच्या लीगचा पहिला सामना झाला. 24,568 लोक आत आले आणि दारं बंद करावी लागली. पाहुण्या संघाने पांढऱ्या शॉर्ट्स घालायच्या ही पुरुषांच्या लीगची जुनी रीत, ती या लीगनेही जशीच्या तशी उचलली. चिखलात लोळणं, धडका, वरून कॅमेरे, आणि महिन्यातले ते चार दिवस. डाग दिसेल का ही धास्ती डोक्यात घेऊन उंच उडी मारून बघा. पांढऱ्या शॉर्ट्स बंद झाल्या त्या 2023 च्या हंगामापासून. परक्या राजाचा झेंडा नको म्हणून एका हंगामात रंग बदलणाऱ्या खेळाला आपल्याच खेळाडूंच्या चड्डीचा रंग बदलायला सात हंगाम लागले.

आज पाहुण्या संघाच्या शॉर्ट्स गडद आहेत. मुली रांगेने बाहेर येतात, एकीने बाहीने नाक पुसलं, दुसरी बुटाची नाडी पुन्हा बांधतेय. मधल्या वर्तुळात पंच चेंडू उंच वर फेकतात, आणि तुमच्या शेजारची बाई पहिल्याच फटक्याला पंचांच्या नावाने ओरडायला लागते.