नायट्रोजनचं भांडं आणि विजेची तार

आपल्या निफाड-सिन्नरकडे गाय भरवायला डॉक्टर येतात, तेव्हा वाफाळतं भांडं उघडून रेतमात्रा काढतात. त्यात असतो द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. गटातल्या गाईवाल्यांना तो ठाऊकच आहे. आज आम्ही त्याची दुसरी गोष्ट सांगतो.

तारेतून जाताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते. १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांना दिसलं, की पारा उणे २६९ अंशांवर नेला तर विजेला होणारा विरोध शून्य होतो. ही अतिसंवाहकता. पण एवढ्या थंडीला द्रव हेलियम लागतो, आणि तो फार महाग.

१९८६ मध्ये झुरिचला बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडचा एक पदार्थ सापडला. पुड्या घोटून, भट्टीत भाजून केलेला, चिनीमातीच्या जातीचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याचा भाऊबंद उणे १८० अंशांनाच अतिसंवाहक झाला. म्हणजे नायट्रोजनचं भांडं पुरे! याला 'उच्च तापमान' म्हणतात, हसू येतं खरं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या नागराजन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली निकेलच्या मिश्रणात अतिसंवाहकता दाखवली. ती उणे २६१ अंशांना, म्हणजे नायट्रोजनच्या आवाक्याबाहेरच. पण निकेल चुंबकी धातू, आणि चुंबकत्व अतिसंवाहकतेचं वैरी समजलं जाई, म्हणून त्याचं नवल.

मग आपल्या खांबांवर अशी तार का नाही? तो तांब्याचा पदार्थ कपबशीसारखा ठिसूळ, वाकवला की तडकतो. धातूच्या पट्टीवर त्याचा पातळ थर चढवावा लागतो, वर सतत थंड ठेवावा लागतो. आणि त्यात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशामुळे जुळतात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.