कोरीव चित्रांतील पाणपक्षी व त्यांची मराठी नावे

अठराव्या शतकातील युरोपीय कागदपत्रांत विजयदुर्गाचा उल्लेख ‘घेरिया’ असा येतो. शेजारच्या गिर्ये गावाच्या नावाचे हे परकीय मुखातील रूप होय. १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी आंग्र्यांकडून हा दुर्ग घेतला, तेव्हा त्या लढाईचे वृत्त याच नावाने इंग्लंडात पोचले. स्थलनामाची जी गत झाली तीच आपल्या पाणपक्ष्यांच्या नावांची त्या काळच्या चित्रग्रंथांत झाली काय, हे येथे पाहावयाचे आहे.

या ग्रंथांतील चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जात. नंतर रंगारी नमुन्याची प्रत समोर ठेवून प्रत्येक प्रत हाताने रंगवीत. त्यामुळे रेषा सर्व प्रतींत एकच, रंग मात्र प्रतीगणिक थोडा भिन्न असे. शिवाय चित्रकारापुढे पुष्कळदा वाळविलेले कातडे असे. पक्षी मेल्यावर चोच, पाय व डोळे यांचे रंग लवकर पालटतात. म्हणून नेमक्या या अवयवांचे रंग सावधपणे वाचावे लागतात.

ब्यूफाँच्या पक्षिग्रंथासाठी मार्तिने याने कोरलेली चित्रमाला १७६५ पासून पॅरिसला निघू लागली. तिच्या १००८ चित्रांपैकी ९७३ पक्ष्यांची आहेत. चित्रांखाली फ्रेंच नावे होती. त्यांपैकी अनेकांना लॅटिन नावे बोडार्ट याने १७८३ मध्ये दिली. पाँडिचेरीच्या एका करकोच्याला त्याने ‘ऑसिटान्स’, म्हणजे जांभई देणारा, असे म्हटले. कारण चोच मिटली तरी तिच्या मध्यभागी फट राहते. मराठीत हाच पक्षी ‘घोंगल्या फोडा’ होय. लॅटिन नाव आकार पाहते, मराठी नाव आहार पाहते. कातड्यावरून फट दिसते. पक्षी गोगलगायी कसा खातो, हे पाणथळीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

वाघोटन खाडीच्या मुखाशी खडकांवर दिसणाऱ्या काळसर बगळ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे शास्त्रीय नाव बॉस्कने १७९२ मध्ये सेनेगलच्या पक्ष्यावरून दिले. ‘गुलारिस’ म्हणजे कंठासंबंधी. काळ्या अंगावर कंठ तेवढा पांढरा असतो. पण याच जातीतील काही पक्षी सर्वांगी शुभ्र असतात, आणि त्यांच्यात नावातील ही खूण लोपते. एका चित्रावर वा एका नमुन्यावर विसंबून जातीची ओळख ठरविण्याचा धोका येथे स्पष्ट होतो.

तथापि, सर्वच देशी नावे गळाली असे म्हणता येत नाही. मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या जेम्स फोर्ब्सच्या १८१३ च्या ग्रंथात गुजरातेतील सारसाचे चित्र असून त्याचे देशी नावही आहे. ‘सरस्’ म्हणजे सरोवर, त्यावरून ‘सारस’. हा शब्द पुढे इंग्रजीत रूढ झाला. उलट सायक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी दिली, तेव्हा आपल्या ढोकरीला लंडनच्या ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव मिळाले. नाव टिकणे हे पक्ष्याच्या परिचितपणावर नव्हे, तर नाव देणाऱ्याच्या निवडीवर अवलंबून राहिले.

म्हणून या चित्रांना केवळ कलावस्तू किंवा केवळ शास्त्रीय पुरावा मानणे अपुरे आहे. चित्र हे स्थिर देहाचे साधन, तर लोकभाषेतील नाव हे पक्ष्याच्या चालीचे, आहाराचे व ठिकाणाचे साधन होय. अशी नावे बहुधा पाण्यालगत राहणाऱ्यांच्या मुखी टिकून असतात. चित्रे ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. नावांना तसा आश्रय नाही. विजयदुर्ग ते मालवण या पट्ट्यातील नावे, ती सांगणाराचे गाव व व्यवसाय नोंदवून, संकलित करण्याचे काम भाषाभ्यासकांनी हाती घ्यावे. जुन्या चित्रांचे वाचनही त्यावाचून अपुरेच राहील.