उंदरांची वंशावळ

श्रोतेहो, शेतकऱ्याच्या घरी उंदीर म्हणजे चोर. पण याच प्राण्याची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवणारी माणसेही आहेत. त्यांत आपल्या एका मराठी विदुषीचे काम मोठे आहे.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात १९१७ साली झाला. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या, मुंबईला आल्या आणि डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाच्या संशोधनाला लागल्या. १९४९ साली डॉक्टरेट मिळाली. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी शरीराबाहेर जगवण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली.

आता वंशावळ कशाला, असे तुम्ही विचाराल. बियाण्याचे वाण शुद्ध नसेल तर खताचा गुण कोणता नि बियाण्याचा कोणता, हे कळत नाही. उंदरांचेही तसेच. अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ साली दाखवले, की कर्करोग होणाऱ्या वाणाची पिल्ले निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली, तर त्यांच्यात स्तनाचा कर्करोग कमी होतो. दुधातून जाणारा तो घटक पुढे विषाणू ठरला. मुंबईत रणदिवे यांनी वाण, संप्रेरके आणि विषाणू या तिन्हींचे नाते उंदरांच्या शरीरात शोधले.

अशा वंशावळींनी पुढे आणखी एक गुपित उघड केले. आपल्याकडे बैलबाजारात सौदा झाला, की बैलावर गुलाल टाकतात. गुलाल पडला, की बैल दावणीवरून गेलाच! पेशीतही निकामी झालेल्या प्रथिनांवर अशी खूण होते. तिचे नाव युबिक्विटिन. खूण झालेल्या प्रथिनाचे पेशी तुकडे करते. या शोधाला २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण गुलाल पुसणारेही कोणी हवे ना? काही विकरे, म्हणजे एन्झाइमे, ही खूण सोडवतात. त्यामुळे एखादे प्रथिन वाचते, खुणेचा घटकही पुन्हा वापरता येतो.

एका वाणातील उंदरांचे पाय लटपटत आणि पुढे लुळे पडत. जपानी संशोधकांनी १९९९ साली त्याचे कारण शोधले. खूण सोडवणाऱ्या एका विकराच्या जनुकाचा तुकडाच त्या उंदरांत गळलेला होता. विकर एवढेसे, पण ते नसताना मज्जातंतू झिजत गेले.

रणदिवे निवृत्त झाल्या. पुढे १९८९ साली त्या आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमधील अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करू लागल्या. खेड्यांतील बायकांना आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगू लागल्या. पिल्लाला आईकडून काय मिळते, हे त्यांनी उंदरांत पाहिले होते. मुलाच्या ताटात काय पडते, हे त्यांनी अकोल्यात पाहिले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पेशीचा धडा शिकवताना मुलांना हे जरूर सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी ही बाई आपल्या डोंगरांतही चालत आली होती.